कुंकू लावलेली सीट

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. तशा आमच्या घरात सगळ्याच चुका माझ्या असतात, पण ही खरोखर माझी होती.

आमचे हे, हरिचंद्र मिस्त्री, अंबरनाथला बुवापाड्यात गॅरेज चालवतात. एकतीस वर्षं झाली. गॅरेज म्हणजे एक शटर, दोन टेम्पो अंग चोरून उभे राहतील एवढी जागा आणि रस्त्याकडे उतरता कोबा. आत पाणी साचू नये म्हणून हा उतार ह्यांनीच काढून घेतलाय. काम करायची पद्धत एकच, एक तर उकिडवं बसायचं नाहीतर गाडीखाली उताणं पडायचं. अंथरायला कुणा नगरसेवकाच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स. सात वर्षं त्या माणसाच्या हसऱ्या तोंडावर पाठ टेकून ह्यांनी लोकांचे सायलेन्सर बसवले. मधल्या निवडणुकीत नगरसेवक पडला, फ्लेक्स मात्र टिकला.

गुडघे टिकले नाहीत. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, उकिडवं बसणं बंद. ह्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उकिडवे बसले. गणपती झाल्यावर एकदा मुकेशच्या टेम्पोखाली गेले, ते बाहेर येईचनात. मुकेश हे ह्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सिंधी माणूस, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्याचं चादरींचं दुकान आहे. त्याने दोन्ही पाय धरून ओढलं, तेव्हा मिस्त्री फ्लेक्ससकट बाहेर आले. हसण्यासारखी गोष्ट होती, पण कोणी हसलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन हे म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यापासून शटर शेजारच्या संतोषला देतो. मोबाइलची कव्हरं विकणार हाय तो. आपलं झालं."

शटरचं मला काही नाही, मला ह्यांची काळजी. गेल्या उन्हाळ्यात गुडघे सुजले म्हणून चार दिवस घरी होते, तर चालता मिक्सर उघडून ठेवला, पंखा खाली उतरवला आणि कुकरच्या शिट्टीत काहीतरी केलं. ती अजून वाजत नाही. चौथ्या दिवशी उघडायला काही उरलं नाही, तेव्हा खिडकीत बसले आणि रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज ऐकून कोणाचं काय बिघडलंय ते एकटेच बोलत राहिले. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिलाय. पाडव्यानंतर तो चेहरा रोज बघायचा, ते मला नको होतं.

आमची ओवी आनंदनगरला एमआयडीसीतल्या एका कंपनीत फॅब्रिकेशनला आहे. पोरगी वेल्डिंग करते म्हणून बिल्डिंगमधल्या बायका आधी नाकं मुरडायच्या, आता आपल्या खिडक्यांच्या जाळ्या तिलाच विचारून बनवतात. बापाचं "आपलं झालं" तिनंही ऐकलं होतं. तिच्या कंपनीला शुक्रवारची सुट्टी असते. त्या शुक्रवारी दुपारी हे जेवून आडवे झाले, आणि बघते तर ही बया टेप घेऊन बापाची मापं काढतेय. खांद्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत.

"अगं कार्टे, जित्या माणसाचं असं झोपेत माप घेतात का?" मी हळूच खेकसले.

"जागेपणी घेऊ देतील का?" ती म्हणाली. "तू फक्त हे टोक धर."

मी टोक धरलं. आईपणात काय काय करावं लागतं.

पुढचे पंधरा दिवस ती ड्यूटी संपल्यावर थांबून बापासाठी एक सीट बनवत होती. साहेबांची परवानगी काढली होती. चौकोनी पाइपची चौकट, खाली रबराची सहा जाड चाकं, कारण आमच्या कोब्याला खड्डे आहेत. गादीवर रेक्झिन चढवलं ते रिक्षांच्या सीटा शिवणाऱ्याकडून. रंग मी निवडला, डाळिंबी. बसायचं असेल तेव्हा ते स्टूल. एक खिटी ओढून पाठ सोडली की लांबलचक फळी, तिच्यावर उताणं पडायचं आणि पायानं रेटा दिला की सुर्रकन गाडीखाली. उंची कमी-जास्त करायला उभ्या पाइपला एकाखाली एक पाच होल, त्यात पिन घालायची.

"पाच कशाला?" मी विचारलं. "त्यांचं माप तर एकच घेतलंस."

"असू दे," ती म्हणाली.

दसऱ्याच्या सकाळी ओवीनं ती सीट रिक्षात घालून गॅरेजवर आणली, हे अंघोळीला गेलेले असताना. आता चूक ऐका. दसऱ्याला गॅरेजमध्ये औजारांची पूजा असते. पाट मांडून मी जॅक, पाने, हातोडे सगळे पुसून ओळीनं लावले होते. मला झाला होता आनंद. आनंद झाला की माझे हात ऐकत नाहीत. मी त्या डाळिंबी गादीला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, वर आपट्याचं पान ठेवलं आणि अक्षता टाकल्या. उदबत्ती ओवाळेपर्यंत हे आलेच.

ओवीनं सगळं समजावून सांगितलं. चाकं, खिटी, पिन. हे दोन्ही हात मागे बांधून ऐकत होते. मग पुढे आले, सीटला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "फसक्लास बनवलंस, पोरी. पण आता हिच्यावर बसायचं कसं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुझ्या आईनं पूजा केलीय हिची. कुंकवावर ढुंगण टेकवू?"

ओवीनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, मलाच वेल्ड करते.

मी काय काय वाद घातला! म्हटलं, "पान्यांनाही कुंकू लावलंय, ते उद्या घेणारच ना?" तर म्हणे, "पाना हातात धरतात." म्हटलं, "मुकेशभाऊ टेम्पोची पूजा करतात आणि त्यातच बसतात." तर म्हणे, "हार बोनेटला घालतात, सीटला नाय." ह्या माणसाला वकील करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळी औजारं कामाला लागली आणि सीट कोपऱ्यातल्या पाटावर राहिली, हार गळ्यात घालून. हे रोज सकाळी शटर उघडलं की तिला उदबत्ती लावायचे आणि मग कण्हत कण्हत फ्लेक्सवर आडवे व्हायचे. चार दिवसांत गिऱ्हाइकंही तिच्या पाया पडायला लागली. एका रिक्षावाल्यानं तर नारळ ठेवला. मुकेशनं विचारलं, "भाभी, ये कौनसे भगवान आहेत?" मी म्हटलं, "हट्टोबा."

खरं कारण कुंकू नव्हतं, हे कळायला मला आठवडा लागला. डबा घेऊन गेले होते, तर हे एकटेच पाटासमोर उभे. तळहातानं गादी दाबून बघत होते, एकदा, दोनदा. मग त्या डाळिंबी रेक्झिनवरून हात फिरवला, तान्ह्या पोराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. माझी चाहूल लागताच हात मागे घेतला आणि उगाच ओरडले, "डबा एवढ्या लवकर कशाला आणलास?" तेव्हा मला समजलं. ज्याला हवंय पण मागायची लाज वाटतेय, तो माणूस असाच ओरडतो. ओरडू दिलं.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार उजाडला. ओवी सुट्टीची म्हणून माझ्याबरोबर गॅरेजवर आली होती. मुकेशचं दुकान शुक्रवारी बंद, म्हणून तोही टेम्पोचे ब्रेक दाखवायला आला होता. टेम्पो रस्त्याच्या खालच्या अंगाला, सपाटीवर, उभा केला आणि हे फ्लेक्स झटकू लागले. एवढ्यात संतोष आला, टेप घेऊन. भिंतीला टेप लावत म्हणाला, "काका, इकडं काचेचं कपाट येईल. हा पाट न् ते देवाचं स्टूल कधी हलवताय?"

माझं डोकंच सटकलं. संतोषवर नाही, तो बिचारा भला पोरगा. टेपवर सटकलं. माझ्या लेकीनंही टेपच लावली होती, पण ती ह्यांना कामावर ठेवण्यासाठी.

"आत्ता हलवते!" मी म्हटलं. "अहो, गणपतीसुद्धा दहा दिवसच बसतो. मग उत्तरपूजा करतात, अक्षता टाकून मूर्ती जागची हलवतात. देव गेला, मूर्ती उरली. हो की नाही?"

"तू भटजी कधी झालीस?"

"एकतीस वर्षं तुमची आरती करतेय, तेवढं शिकले."

डब्यातली भाताची चार शितं घेतली, अक्षता नव्हत्या म्हणून. ती टाकली, हात जोडले, सीट पाटावरून खाली घेतली आणि रीतीप्रमाणे जराशी पुढे सरकवली.

जराशीच, शपथ घेऊन सांगते. पण खाली सहा चाकं आणि ह्यांचा तो उतरता कोबा. सीट जी निघाली, ती शटरबाहेर, गटारावरच्या लादीवरून धडधड करत रस्त्यावर, आणि तिथून बुवापाड्याच्या उतारानं सुसाट. सुकलेला हार वाऱ्यावर उडत होता. भाजीवाला गाडी सोडून बाजूला झाला. कुणीतरी हात जोडले. मुकेश ओरडला, "अरे साईं, भगवान चालले!"

आणि तिच्या मागे आमचे हे. ज्यांना जिना उतरायला कठडा लागतो ते हरिचंद्र मिस्त्री रस्त्याच्या मधून पळत होते, "धरा! धरा तिला! माझ्या पोरीनं बनवलीय!" त्यांच्यामागे मी, माझ्यामागे ओवी, आणि सगळ्यात मागे संतोष, टेप लोंबकळत.

वळणावर स्पीडब्रेकरला सीट अडली. ह्यांनी झडप घालून धरली. धाप लागली होती, गुडघे लटलटत होते, उभं राहवेना. आजूबाजूला धरायला काही नाही. माणसाला उभं राहवत नाही तेव्हा तो जे करतो तेच ह्यांनी केलं. बसले.

भर रस्त्यात, कुंकवावर, डाळिंबी गादीवर.

चारी बाजूंनी रिक्षांचे हॉर्न. हे दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसलेले. मग त्यांनी टाचेनं जरा रेटा दिला, सीट वीतभर मागे गेली. पुन्हा रेटा, पुढे आली. गोल फिरले. चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटलं, आणि मला त्या घटकेला एवढा आनंद झाला की मी रस्त्यातच रडले.

"पप्पा, चाकं एवढी मोकळी कशी पळाली?" ओवीनं विचारलं. "मी तर कोरडी दिली होती. ग्रीस कोणी लावलं?"

हे भाजीवाल्याकडे बघू लागले.

"मिस्त्री," मुकेश म्हणाला, "अब उतरना मत. मेरा टेम्पो उधरच उभा आहे."

उतरलेच नाहीत. मी आणि संतोषनं मागून ढकलत त्यांना टेम्पोपर्यंत नेलं. लोक वाट देत होते, एका पोरानं शिट्टी वाजवली. ओवीनं खिटी ओढली, पाठ सोडली. हे उताणे झाले, पायानं रेटा दिला आणि सुर्रकन टेम्पोखाली गेले. कण्हण्याचा आवाज आला नाही. नुसते चपलांचे तळवे दिसत होते.

बराच वेळ ठोकाठोक चालली. मग खालून आवाज आला. तोंड दिसत नसलं की ह्यांना खरं बोलता येतं.

"भागी."

"काय हो?"

"मला वाटायचं, मिस्त्री बसून काम करायला लागला की लोक बोलणार, म्हातारा झाला. संपला."

"मग?"

"लोक तर शिट्ट्या वाजवतात." मग म्हणाले, "बारा-तेराचा पाना दे."

मी दिला. चुकीचा दिला, नेहमीप्रमाणे. ह्यांनी "हा चौदा-पंधरा हाय" म्हणून बोंब मारली, नेहमीप्रमाणे. मला एवढं गोड वाटलं की मुद्दाम आणखी एक चुकीचा दिला.

संतोषनं आपली टेप गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाला, "काका, मी स्टेशनकडं बघतो दुसरं." खालून उत्तर आलं, "बघ. पण दिवाळीच्या फराळाला ये."

काम आटपून हे बाहेर सरकले, पाठ उभी करून बसले आणि उभ्या पाइपकडे बघत राहिले. पिन खालून पहिल्या होलात होती.

"ओवी, उंची बरोबर हाय. मग वरचे चार होल कशाला मारलेस?"

ओवी इतका वेळ हसत होती, ती जराशी लाजली. "गुडघे अजून धरतील ना पप्पा, तेवढी सीट वर घ्यायची. दर तीन वर्षांनी एक होल धरलाय. पाचव्यावर याल तेव्हा तुम्ही सत्तरीचे असाल."

ह्यांनी बोटानं एकेक होल मोजला, खालून वर, अगदी सावकाश. पाचव्यावर बोट थांबलं. डोळे भरून आले होते, पण ऑइलचा हात डोळ्यांना लावता येत नाही, म्हणून तसेच राहू दिले.

मग त्या पाचव्या होलाच्या वर, कोऱ्या पाइपवर, त्यांनी काळ्या बोटानं एक ठिपका काढला.

"पुढच्या शुक्रवारी कंपनीतून ड्रिल आण," हे म्हणाले. "इथं सहावा मार."