आतला काठ

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे आणि मला मुद्दाम उलटा टांगलेले आहे. गाडीला असताना माझी जी बाजू अंधाराकडे होती, ती आता रस्त्याकडे आहे. मोलेत्साने वस्तीच्या कोपऱ्यावर म्मे मासेलोची (म्मे म्हणजे आई) टायर दुरुस्तीची पत्र्याची शेड आहे, तिच्या दाराशीच माझा खिळा. आलेले गिऱ्हाईक आधी माझ्या काठावरून तळहात फिरवते. त्याला तार टोचते. टोचावी म्हणूनच ती कापलेली नाही.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. काळ्या रबराच्या पोटात पोलादी तारांचे विणकाम घालून मला तापल्या साच्यात घडवले. पाठोपाठ त्याच साच्यातून माझा भाऊ निघाला. रूप एक, वजन एक. नशीब मात्र साच्यात ओतता येत नाही. आम्हा दोघांना न्टाटे, म्हणजे बाबा, फाकिसोंनी विकत घेतले आणि म्मे मासेलोने आपल्या हाताने त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकांना चढवले. भाऊ उजवीकडे, मी डावीकडे.

गाडी म्हणजे गुशेशे, या जातीच्या गाडीचे वस्तीतले लाडके नाव. चौकोनी अंगाची, वयाने जुनी, पण मागच्या चाकांत रेड्याचे बळ. न्टाटे तिला मैदानात भोवऱ्यासारखी फिरवत. चाके धूर सोडत, लोक कडे करून उभे राहत. न्टाटे फिरत्या गाडीतून उतरून तिच्याबरोबर चार पावले नाचत आणि पुन्हा आत बसत. मग त्यांची मुलगी केनेवे मागच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येई, पाठ जमिनीकडे करून लोंबकळे, आणि एक बोट मातीला लावून भल्यामोठ्या भाकरीसारखी गोल रेघ ओढी. त्या रेघेचा साऱ्या वस्तीला अभिमान होता.

या खेळाचे टायर वेगळे असत, भंगारातून जाळण्यासाठीच आणलेले. दहा मिनिटांत त्यांच्या चिंध्या होत आणि लोक त्या चिंध्या गळ्यात घालून मिरवत. आम्ही दोघे रस्त्याचे टायर. गाडी मैदानापर्यंत न्यायची, परत घरी आणायची, एवढेच आमचे काम. आमची झीज बघायला कोणाला सवड नव्हती. आमच्या वस्तीत टायर जाळणारे उस्ताद पुष्कळ, टायर वाचणारी एकटी म्मे मासेलो. मासेलो म्हणजे सेलोची आई. सेलो आता नाही. एका रविवारी एका धावत्या गाडीचे चाक निखळले, ती गाडी त्याची होती. तेव्हापासून दारात येईल त्या टायरवरून ती हात फिरवते आणि दळताना म्हणावे तसे पुटपुटते:

दोन्ही काठ झिजले, तर पोट उपाशी.
मधला माथा झिजला, तर वारा गळ्याशी.
एकच काठ झिजला, तर दुखणं हाडाशी.

पहिल्या दोन ओळी कमी-जास्त हवेच्या, तिसरीतले हाड म्हणजे चाक धरणारे लोखंड.

गेल्या हिवाळ्यात मैदानातून घरी येताना न्टाटेंना भर रस्त्यात गाडी फिरवायची हुक्की आली. गाडी आडवी घसरली आणि डावे मागचे चाक फुटपाथच्या दगडी काठावर आदळले. दगड आणि लोखंड यांच्या मधे मी होतो. माझ्या आत, गाडीच्या पोटाखाली, कट् असा आवाज झाला. एवढासाच, सुकी काटकी मोडावी तसा. चाकाची कड वाकली होती. ती न्टाटेंनी दुसऱ्या वस्तीत जाऊन ठोकून घेतली. म्मे मासेलोकडे नेली असती तर तिने आधी बोल लावले असते, आणि मग गाडीखाली शिरली असती.

त्या दिवसापासून मी सरळ धावलो नाही. ज्या लोखंडी हाताने मला धरले होते तो हात वळला होता. धावताना माझे तोंड किंचित बाहेर राही आणि सारा भार आतल्या काठावर येई. फेंगड्या माणसाची वहाण एकाच बाजूने झिजते, तसा मी झिजू लागलो. बाहेरून नक्षी नवीच्या नवी. आतून रोज चिमूटभर रबर रस्ता खाई. मग मी गुणगुणू लागलो. वेग वाढला की सूर चढे. ऐकणाऱ्याला गाणे वाटावे, पण मी कण्हत होतो.

न्टाटेंना तो सूर ऐकू आला. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकी खाली करून कान दिला. दुसऱ्या दिवशी माझ्यात हवा भरली. आठवड्याने त्यांनी रेडिओ मोठा केला. पुढे तो कधी बारीक झाला नाही.

वसंतात न्टाटे फाकिसो घरीच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आठवडाभर गुशेशे अंगणात उभी होती, त्यांचीच घोंगडी पांघरून. माती होईपर्यंत गेलेल्या माणसाच्या गाडीखाली कोणी हात घालायचा नाही, अशी त्या घरची रीत. चाके बदलण्यापुरती सवलत. आपल्याला पोचवल्यावर गाडीने मैदानात शेवटची फेरी धरावी, ही न्टाटेंची इच्छा होती. थोरला मुलगा टेफो चालवणार होता आणि केनेवे लोंबकळणार होती.

शनिवारी सकाळी टेफोने घोंगडी काढली, आम्हा दोघा भावांना उतरवून जाळायचे टायर लावले आणि मला पायरीशी टाकले, ते आतली बाजू वर करून. जन्मात पहिल्यांदा माझ्या त्या काठाला ऊन लागले. उघड्या तारा चमकल्या. टेफोने बघितले असते तर त्याला दिसल्या असत्या. पण तेवढ्यात आतून बापाची पेटी उचलायला हाक आली.

सारे दफनाला गेले. गुशेशे माणसांच्या चालीने मागून गेली. तिचा नुकता चढवलेला डावा टायर फाटकातून वळतानाच कण्हला. मी तो सूर ओळखला. टायर बदलला होता, दुखणे तिथेच होते.

अंगणात स्वयंपाकाच्या बायका राहिल्या. चुलीवरच्या पातेल्यांत गाय शिजत होती. म्मे मासेलो बीट किसायला बसली. तिने परात माझ्यावर ठेवली, समोर माझ्या भावावर शेजारीण टेकली. मयताच्या घरी चालतात तशा गोष्टी चालल्या होत्या: पेटी किती जड होती, रडताना कोणाचे डोळे कोरडे होते, आल्याचे पेय या खेपेला कोणी बिघडवले. परात सरकू लागली म्हणून म्मे मासेलोने ती धरायला हात खाली घातला आणि तो तसाच राहिला. तिचे बोट लाल झाले होते. रक्त की बीट, कळेना. तिने बोट चाखले. खारट लागले.

तिने परात उचलून जमिनीवर ठेवली. माझ्या काठावरून तळहात आतून बाहेर नेला, मग बाहेरून आत आणला. एकीकडे जाताना हात घसरत होता, परतताना करवतीच्या दातांसारखा अडत होता. मग तिने शेजारणीकडे बघितले.

"ऊठ गं. जरा बूड उचल."

"मयताच्या घरी टायर तपासतेस? गिऱ्हाइकं कमी पडली वाटतं."

"ऊठ म्हणते ना."

भावाचे दोन्ही काठ सारखे होते. म्मे मासेलो त्याच्यापाशी उकिडवी बसून राहिली. एकाच दिवशी, एकाच हाताने चढवलेले दोन भाऊ. एक धडधाकट, एक आतून खाल्लेला. म्हणजे हवेचा दोष नाही, रस्त्याचाही नाही. तिचे ओठ हलले. शेवटची ओळ मला ऐकू आली: दुखणं हाडाशी.

त्याच वेळी दोन गल्ल्यांपलीकडे मैदानात गुशेशे गरजली. माती झाली होती.

तिने टेफोला फोन लावला. तो आत, खुर्चीवरच्या कोटात वाजला. तिने पदराला हात पुसावा तसे दोन्ही हात झग्याला पुसले, मला उभे केले आणि रस्त्याला लागली. लोखंडासकट मी जड, तिचे वय साठीच्या पुढचे. काठ खाल्लेला असल्याने मी सारखा एका अंगाला कलत होतो आणि ती मला दर चार पावलांनी ढोपराने सरळ करत होती. वाटेवरची मुले हसली. न्खोनो, आजीबाई, टायर खेळतेय, म्हणाली. तिने मान वर केली नाही.

मैदानात माणसांचे कडे होते. गेलेल्याची गाडी फिरत असताना त्या कड्यात कोणी पाय घालत नाही. ती आपणहून थांबेपर्यंतचा वेळ त्या माणसाचा असतो. आत धूर, इंजिनाची गर्जना, आणि न्टाटेंच्या आवडीची गाणी लागलेला रेडिओ. या सगळ्याखालून मला आणखी एक आवाज येत होता. कट्. एक फेरी, पुन्हा कट्.

केनेवे बाहेर लोंबकळत होती. अंगात काळा झगा, पाठ मातीकडे, डोळे मिटलेले. तिचे बोट रेघ ओढत होते. पण रेघ गोल उमटत नव्हती. दर फेरीला एका जागी ती हातभर बाहेर सरकत होती, आणि ते सरकणे वाढत होते. लोक टाळ्या वाजवत होते.

म्मे मासेलोने कड्यात पाय घातला नाही. तिने मला घातले.

मी एकटा धावत गेलो, एका अंगाला झुकत, धुराच्या मधोमध. टेफोला समोरून एक सुटे चाक गडगडत जाताना दिसले. त्याला वाटले, आपलेच निखळले. पाय उचलला गेला, ब्रेक लागला, गाडी धापा टाकत थांबली.

पहिले धावून आले ते केनेवेचे मालोमे, तिचे मामा. ते म्हाताऱ्या बाईवर हात उगारणारे नव्हते, पण आवाज चढला. भावजींच्या शेवटच्या फेरीत कचरा टाकलास, म्हणाले. आजवर या वस्तीत कोणी एवढा अपमान केला नव्हता.

"मेलेल्याचा मान मी मागनं ठेवीन," म्मे मासेलो म्हणाली. "जिवंत पोर आधी उतरवा. आणि मला जॅक द्या."

केनेवेला उतरवले. गाडी चढवली. म्मे मासेलो झग्यानिशी मातीत आडवी झाली आणि डाव्या चाकामागच्या लोखंडी हाताच्या मुळाशी तिने पहारीचे टोक लावले. जरासे दाबले. भेग तोंड उघडावे तशी उघडली, बोट जाईल एवढी. दाब काढताच मिटली. तिने मालोमेंना खाली वाकून बघायला लावले. तीन वेळा उघडून दाखवली. फक्त बोटभर लोखंड शिल्लक होते. त्यावर गाडी फिरत होती, आणि गाडीला पोरगी लोंबकळत होती.

केनेवे मातीत पडलेल्या माझ्यावर येऊन बसली. तिचे ते एक बोट धुळीने पांढरे झाले होते.

"बाबांना ठाऊक होतं?" तिने विचारले.

म्मे मासेलोने माझ्या काठावर हात ठेवला, तारा झाकल्या.

"हा बिचारा कितीतरी दिवस कण्हत असणार. ऐकू न येण्याएवढा तुझा बाप बहिरा नव्हता, बाळ."

टेफोने खिडकीतून हात घालून रेडिओ बंद केला. त्याचे बटण शेवटपर्यंत फिरवलेले होते, बापाने ठेवले होते तसेच. मैदान एकदम एवढे शांत झाले की गाडीच्या तापल्या लोखंडाचे टिकटिकणेही ऐकू येऊ लागले.

गुशेशे माणसांनी ढकलत घरी नेली. मला म्मे मासेलोने मागून घेतले, लोखंडातून सोडवले आणि इथे टांगले. बरे वाटते. धावता येत नाही, पण हात रोज लागतात.

एकच गोष्ट जिवाला लागून राहते. रोज संध्याकाळी एक निळी गाडी इथून जाते. तिचे मागचे उजवे चाक माझ्याच सुरात गुणगुणते. आज तो सूर कालच्यापेक्षा चढा होता. म्मे मासेलो रस्त्यापर्यंत जाऊन तिला हात करते. चालवणाऱ्याला वाटते, म्हातारी ओळख दाखवते. तोही हात हलवतो. काचा बंद असतात, आत गाणे जोरात लागलेले असते, आणि मागच्या सीटवर दोन लहान डोकी दिसतात.

मित्रांनो, लपलेली झीज आतल्या काठाला सुरू होते. तिथे वाकून बघावे लागते, हात काळे करावे लागतात. मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.