मशीनवर चिकटवलेले पान

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. मलकापुरात पंपाचे भाग बनवणारा एक कारखाना आहे. कोणता भाग किती मापाचा, तो कसा तपासायचा, हे सारे माझ्या पानांवर लिहिलेले असे. पानोपानी नानासोंची सही. गुणवत्ता विभाग तेच सांभाळत. बाहेरून तपासणीला आलेले साहेब मला चाळून मान डोलवत, तेव्हा मला फार धन्य वाटे.

मग मयूरी नावाची इंजिनिअर आली. तिने माझा सगळा मजकूर संगणकावरच्या विकीत उतरवला. विकी म्हणजे सर्वांनी मिळून लिहायची आणि सुधारायची वही.

"कुणीबी उठंल आन् माप बदलंल," नानासो म्हणाले. मलाही त्या विकीचा संशयच येई. हातात धरता येत नाही, त्यावर भरवसा कसा ठेवायचा? नानासोंनी गुपचूप माझ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि मशीनवर चिकटवल्या.

चार महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून दोनशे झाकणे परत आली. भोके अर्ध्या मिलिमीटरने मोठी. सगळा माल भंगारात जाणार होता.

"मी सांगत हुतो. त्या विकीत कुणीतरी घोळ केलाय," नानासो मालकांसमोर म्हणाले. सगळे मयूरीकडे बघू लागले.

तिने शांतपणे विकीचे पान उघडले. कोणी, कधी आणि का बदल केला, हे तिथे नोंदलेले होते. मध्यंतरी गिऱ्हाइकाने भोक लहान करायला सांगितले होते, आणि मयूरीने ते त्याच दिवशी लिहिले होते. विकीतले माप बरोबर होते.

"मग तू कशावरनं भोकं पाडलीस?" मालकांनी ज्योतिबाला विचारले. तो वीस वर्षे भोके पाडायच्या मशीनवर होता. नानासोंचे नाव घ्यायला त्याची जीभ रेटेना.

नानासो उठले. "त्याला नका विचारू. मशीनवरचा कागद मी लावलाय. चूक माजी हाय." मग ते मयूरीकडे वळले. "पोरी, तुझ्यावर उगाच आळ घेतला मी."

त्या दिवशी त्यांनी सगळ्या झेरॉक्स काढून फाडल्या. माझ्या प्रत्येक पानावर 'कालबाह्य' लिहिले.

मला वाईट वाटले, मित्रांनो. इतके दिवस मी विकीवर संशय घेत राहिले, आणि चुकीचे माप माझ्याच पोटात होते. जुने कागद जरूर जपा. पण त्यांच्या भरवशावर मशीन सुरू करण्याआधी एकदा विचारा, हे माप कधीचे आहे?