आवाज आहे, शब्द नाहीत

रविवारी सकाळी फोनवर अप्पांचं नाव दिसलं आणि मी ओळखलं की टीव्ही पुन्हा बिघडलाय. माझे वडील मला खुशाली विचारायला फोन करत नाहीत. खुशाली आई विचारते. अप्पा तक्रार नोंदवतात.

"आवाज आहे, शब्द नाहीत," ते म्हणाले. "तुझा तो साऊंडबारसुद्धा बोगस निघाला."

तुझा म्हणे. जसा काही मी तो घरी बसून विणला होता.

मी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका मोठ्या दुकानाच्या हेल्पलाइनवर काम करते. आठवड्याचे सहा दिवस लोकांना सांगते की रिमोटमधले सेल उलटे बसलेत का बघा, राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबा, टीव्हीमागची केबल हलवून बघा. लोकांनी चिडायचं आणि मी गोड बोलायचं, असा तो धंदा आहे. आमच्या टेबलावर काचेखाली एक कागद असतो: आधी केबल, मग बॉक्स, मग सेटिंग, मग टीव्ही. आणि खाली जाड अक्षरात, चूक तुमची आहे असं ग्राहकाला कधीही म्हणू नये. सहा दिवस मी हे निमूटपणे पाळते. सातव्या दिवशी अप्पा असतात.

बरं, अप्पा म्हणजे काही साधंसुधं गिऱ्हाईक नव्हे. एकेचाळीस वर्षं त्यांनी रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त केले. घराच्या पुढच्या खोलीत अर्धी जागा त्यांच्या कामाच्या टेबलाने अडवली आहे आणि अजूनही तिथे शाळांचे, सभागृहांचे अॅम्प्लिफायर येतात. स्क्रू उघडण्याआधी ते यंत्र नुसतं चालू करायचे, मान तिरकी करून दोन मिनिटं ऐकायचे आणि नेमका कुठला भाग गेलाय ते सांगायचे. त्यामुळे माझ्या नोकरीला ते फोनवरची पोपटपंची म्हणतात. तरीही बोलावतात मलाच, कारण नव्या टीव्हीत पान्याने उघडण्यासारखं काही नसतं आणि त्याचा त्यांना मनस्वी राग येतो.

पाच महिने हे चाललं होतं. सुरुवात बातम्यांपासून झाली. पुरुष बातम्या देतात तेव्हा ठीक असतं, पण बायका पुटपुटतात, असं अप्पांचं म्हणणं. मी सांगितलं की नवे टीव्ही पातळ असतात, त्यांचे स्पीकर मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात, साऊंडबार घ्या. घेतला. बायका पुटपुटतच राहिल्या. मग मी बोलण्याचा आवाज उठून यावा म्हणून सेटिंग बदललं, तर म्हणाले, आता नुसतं संगीत अंगावर येतं. केबल बदलली. बॉक्स बदलला. दूर राहणारा माझा दादा, जो एखादा व्हिडिओ बघतो आणि तासाभरात त्या विषयातला तज्ज्ञ होतो, त्याने कळवलं की खोली रिकामी आहे म्हणून आवाज भिंतीवर आपटतो. त्यावर आईने भिंतीला रजई टांगली. आठ दिवस दोघं त्या रजईखाली बसून मालिका बघत होती. नवव्या दिवशी अप्पांनी निकाल दिला की रजई शब्द खाते.

या सगळ्यात आवाजाचा आकडा मात्र चढत गेला. वीसवर चालणारा टीव्ही चोपन्नवर गेला. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीण बाई एकदा जिन्यात मला म्हणाल्या की त्यांच्याकडे टीव्ही नाही, पण मालिकेतल्या सुनेचं काय चाललंय ते त्यांना रोज कळतं. त्या हसून म्हणाल्या, म्हणून मला जास्तच लाज वाटली.

आणि त्यात ते अॅम्प्लिफायरचं प्रकरण. ते मला आईने शनिवारी सांगितलं होतं. गाणं शिकवणाऱ्या बाईंचा अॅम्प्लिफायर अप्पांनी दुरुस्त करून दिला, तर त्या दोन दिवसांत परत घेऊन आल्या. आतून बारीक शिट्टी येते म्हणाल्या. अप्पांनी ऐकलं आणि सांगितलं, काही नाही. त्या पुन्हा आल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना अप्पा त्यांना म्हणाले, "बाई, तुमचे कान वाजतायत." बाईंनी अॅम्प्लिफायर टेबलावर ठेवला आणि सोमवारपर्यंतची मुदत दिली. नाहीतर तो दुसरीकडे नेईन आणि का नेला ते सगळ्यांना सांगेन, असं बजावून गेल्या. अप्पांकडे आता जे काही काम येतं, त्यातलं निम्मं या बाईंच्याच ओळखीने येतं.

"हे गेलं तर त्यांच्याकडे टेबल उरेल, काम नाही," आई म्हणाली होती. "मग दिवसभर त्या टीव्हीसमोर बसतील आणि मला वेड लागेल."

मी हूं हूं केलं. खरं सांगते, माझं अर्धं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात टीव्हीच घोळत होता. पाच महिने मला चकवणारा टीव्ही म्हणजे माझ्या नोकरीचा अपमानच होता.

तर रविवारी दुपारी मी तावातावाने तिथे पोचले. आज सोक्षमोक्ष लावायचाच होता. फोनमध्ये मी एक चाचणी घेऊन आले होते. त्यात एकच सूर वाजतो, अगदी खालून सुरू होतो आणि हळूहळू वर वर चढत जातो. सूर किती उंच गेला त्याचा आकडा पडद्यावर दिसत राहतो. कुठला स्पीकर मेला असेल, तर त्या आकड्याला आवाज तुटतो. फोन मी साऊंडबारला जोडला आणि अप्पांना समोरच्या खुर्चीत बसवलं.

"हे बघ, शाळेतल्यासारखं शिकवू नकोस मला," ते म्हणाले. "मी हे यंत्र लावून करायचो, तू जन्मली नव्हतीस तेव्हा."

मी दात आवळून सूर सुरू केला. आधी जमिनीतून आल्यासारखी घरघर झाली, मग भोंगा, मग बासरी. अप्पा मान तिरकी करून ऐकत होते, अगदी पूर्वीसारखे. सूर चढत होता. तीन हजारांच्या आसपास त्यांनी हात वर केला.

"गेला. बघ, इथे मेला. तुझ्या साऊंडबारचा वरचा स्पीकर उडालाय. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

पण सूर गेला नव्हता. माझ्या कानात तो टोचत होता. मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आई कानात बोटं घालून बाहेर आली आणि म्हणाली, बंद करा ती शिट्टी, डोकं उठलं.

अप्पांनी आईच्या बोटांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग फोनच्या पडद्याकडे, जिथे आकडा अजून चढत होता.

मला वाटलं ते भडकतील. आई नाटक करतेय म्हणतील, मी फोनमध्ये काहीतरी गोंधळ केलाय म्हणतील. ते उठले, फोन माझ्या हातातून घेतला आणि आपल्या टेबलाशी गेले. तिथे त्यांचा स्वतःचा स्पीकर आहे, त्यांनीच बांधलेला, ज्याच्यावर ते आयुष्यभर बाकीची यंत्रं जोखत आले. त्यांनी वायर जोडली आणि सूर पुन्हा पहिल्यापासून लावला. त्याच आकड्याला त्यांचा हात वर झाला. पुन्हा लावला. पुन्हा तोच आकडा. चांगला कारागीर खात्री करताना तीन वेळा बघतो, तसं त्यांनी तीन वेळा बघितलं. मग फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला आणि स्टुलावर बसून राहिले.

मी स्वयंपाकघरात गेले. आई ओटा पुसत होती. मी विचारलं, तुला माहीत होतं?

"दीड वर्ष झालं," आई म्हणाली. "पाठीमागून बोललेलं त्यांना कळत नाही. मी आधी भांडं आपटते, ते वळून बघतात, मग बोलते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. म्हणाले, तूच पुटपुटतेस."

ती हे अगदी सहज म्हणाली, आणि मला रडू आलं ते त्यामुळे. बातम्या देणाऱ्या बायका पुटपुटत होत्या, आई पुटपुटत होती, गाणंवाल्या बाईंचे कान वाजत होते, आणि मी, जिला याच कामाचा पगार मिळतो, मी पाच महिने घरातली एकूण एक वस्तू तपासली आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला सोडून दिलं. वडिलांचा कधी आला नव्हता एवढा राग मला माझाच आला.

बाहेरून अप्पांनी हाक मारली. गाणंवाल्या बाईंचा अॅम्प्लिफायर त्यांनी समोर ओढला होता, झाकण काढून ठेवलं होतं. आवाजात नेहमीचीच खोच होती, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"इथे बस. चालू करतो. काही येतंय का सांग."

त्यांनी बटण दाबलं. यायला वेळ लागला नाही. बारीक, सुईसारखी शिट्टी होती, बाई म्हणाल्या होत्या तशीच.

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. एक वायर दाबून धरली. आता? आहे. दुसरीकडे चिमटा लावला. आता? आहे, पण कमी. असं अर्धा तास चाललं. कुठे हात लावायचा ते त्यांनाच ठाऊक होतं, हात लावल्यावर काय झालं ते मला. माझं ऐकण्यात काही चुकतंय असं वाटलं की ते पूर्वीसारखेच खेकसायचे, अंदाजे सांगू नकोस, नक्की सांग. मीही खेकसून उत्तर द्यायचे. शेवटी त्यांनी एक कपॅसिटर काढला, डब्यातला दुसरा घेतला, सोल्डर केला, धुरावर फुंकर घातली आणि बटण दाबलं.

"आता?"

मी कान स्पीकरला लावला. "गेली."

"नक्की?"

"नक्की, अप्पा. गेली."

त्यांनी लगेच आपला फोन उचलला. मी म्हणाले, मी बोलते बाईंशी, मला रोजची सवय आहे. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही, मला सांगता येणार नाही. नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून आवाज मोठा केला आणि सांगितलं की अॅम्प्लिफायर नीट झालाय, मुलीने ऐकून बघितलाय.

बाई तयारच होत्या. बारीक, चढा आवाज आणि बोलणं भराभर. अप्पा कपाळाला आठ्या घालून फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "काय म्हणाल्या?"

सहा दिवस मी हेच करते. लोकांचा संताप मऊ करून पुढे पाठवते. ठीक आहे म्हणाल्या, एवढं सांगून मी ते मिटवू शकले असते. पण या घरात दीड वर्ष सगळं मऊ करूनच चाललं होतं. मी त्यांच्या समोर येऊन उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"त्या म्हणाल्या, तीन वेळा मी तुमच्या पायऱ्या चढले. परक्या माणसांसमोर तुम्ही मला खुळ्यात काढलंत. शिट्टी होती की नव्हती, तेवढं आता सांगा."

अप्पा माझ्या ओठांकडे बघत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, काही गाळलं नाहीस ना? मी नाही म्हणाले. त्यांनी फोनवरचा हात काढला.

"होती, बाई," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

अप्पांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं, त्या काय म्हणतायत म्हणून. मी मान हलवली, काही बोलत नाहीयेत. ते थांबले. मग बाईंचा आवाज आला, बराच खाली उतरलेला, आणि मी तो समोर पोचवला: उद्या सकाळी येते, पण तुमच्या मुलीला बसवून ठेवा, माझ्याबरोबर तिनेही ऐकायला हवं. उद्या सोमवार आहे, मला कामावर जायचंय, हे कोणी विचारात घेतलं नाही. अप्पा म्हणाले, बसेल ती.

त्यांनी फोन ठेवला. दारात आई उभी होती, हात पुसत. ती काहीतरी म्हणाली. त्यांच्या पाठीमागून म्हणाली, नेहमीच्या आवाजात. मी तिच्याकडे बघितलेलं त्यांनी पाहिलं आणि ते स्टुलावर पूर्ण वळले. मी तोंड उघडणार होते, त्यांनी हाताने मला गप्प केलं.

"तू काय म्हणालीस?" त्यांनी आईला विचारलं.

आई दारातून आत आली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चहा टाकू का, विचारलं."