तळाचा डिंक

गिऱ्हाइकाने खेळण्यातल्या आगीच्या बंबाचा खोका उलटा केला आणि दारात उभी असलेली ती हातातलं काम सोडून बघत राहिली.

तो जुन्या खेळण्यांतल्या गाड्या विकत घेणारा. चष्मा कपाळावर चढवून एकेक खोका खिडकीपाशी नेऊन बघत होता. पलंगावर उशांना टेकून नवरा त्याच्याकडे बघत पडला होता. आता मुलाच्या घरी राहायला जायचं, तिथे नवऱ्याने हौसेने जमवलेल्या, खोक्यांतल्या गाड्यांच्या या कपाटाला जागा नव्हती. आठवडाभर बांधाबांध करून तिचे पाय भरून आले होते.

एकाही गाडीला कुणाचा हात लागलेला नाही, असं नवरा येईल त्या पाहुण्याला सांगत आला होता. पण लागला होता. तो कामावर गेला की ती ब्लेडने खोक्याचा तळ अलगद सोडवायची, तेव्हा लहान असलेला मुलगा तासभर अंगणात गाडी पळवायचा आणि संध्याकाळच्या आत, डिंक लावून, गाडी जागच्या जागी. बापाचं कपाट भरलेलं आणि पोराने काचेला नाक लावून बसायचं, हे तिला बघवत नसे. नवरा तापट, कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्या कपाटाची धूळ तिने जन्मभर जीव मुठीत धरून पुसली.

"काका, हा उघडलेला आहे. डिंक कारखान्यातला नाही."

तिने दाराची चौकट धरली.

"तो बाजूला ठेवा," नवरा म्हणाला. "तसे आणखी निघतील. ते द्यायचे नाहीत."

गिऱ्हाईक बाकीच्या गाड्या घेऊन गेल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"चाकांत माती असायची. तू गाडी पुसायचीस, चाकं विसरायचीस. तुम्ही दोघं झोपलात की मी तळ सोडवून ती साफ करायचो. तुझा डिंकही फार पातळ असायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू धास्तीने गाड्या काढल्या नसत्यास, पोराचं खेळणं थांबलं असतं."

तिला हसू आलं नाही. एका शब्दाने तिची भीती गेली असती, आणि तेवढा शब्द या माणसाने खर्चला नव्हता. राग आला, पण भांडायचं त्राण अंगात उरलं नव्हतं.

तिने बंबाचा खोका वरूनच टराटरा फाडला आणि बंब त्याच्या पांघरुणावर ठेवला.

"घ्या. आता दिवसाढवळ्या खेळा."

त्याने बंब ढकलत पांघरुणाखालच्या गुडघ्यापर्यंत नेला. तिथल्या चढावर बंब अडला. थोडा वेळ तिने नुसतं बघितलं, मग मागून एक बोट लावलं.