चंद्राला झालेला उशीर

मुलांनी त्यांचं नाव ‘अर्धा मार्क बाई’ ठेवलं होतं आणि ते बाईंच्या कानावरही आलेलं होतं. सहावीला त्या भूगोल शिकवत. उत्तरात एखादं शून्य कमी पडलं की अर्धा मार्क कापत आणि शेजारी छोटीशी सही ठोकत. भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा, असा त्या सहीचा अर्थ. एवढ्या काटेकोर बाई स्वतः मात्र सहा वर्षं हंगामी होत्या. सुट्टी लागली की नोकरी संपायची, शाळा उघडली की पुन्हा लागायची. यंदा त्यांना कायम करण्याचा कागद तयार होता. तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर, काचेच्या पेपरवेटखाली, सहीची वाट बघत पडला होता.

त्यातच शाळेला पन्नास वर्षं झाली. पाहुणे येणार, तेव्हा व्हरांड्यात काहीतरी ‘शैक्षणिक’ हवं, असं सरांनी फर्मावलं. व्हरांडा बरोबर सेहेचाळीस मीटर लांब आणि पृथ्वीचं वय सुमारे चारशे साठ कोटी वर्षं. बाईंना दुसरं काय सुचणार? एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं असं प्रमाण धरून त्यांनी भिंत लगेच रंगवायला घेतली नाही; आधी दोनदा मोजली आणि मग रंगवली. मुख्य दारापाशी तापलेला लाल गोळा, मीटरभर पुढे चंद्र, अकराव्या मीटरला पहिले जीव, आणि पार शेवटी, सरांच्या खोलीच्या चौकटीला टेकून, माणूस. त्याच्या वाट्याला तीन मिलिमीटर आले. विश्वाच्या जन्माला तर व्हरांडा पुरेचना. टेप घेऊन मागे मागे मोजत बाई फाटकाबाहेर पडल्या आणि ब्याण्णव मीटरांवर लाँड्रीच्या काउंटरला थडकल्या. तिथे त्यांनी एक काळा ठिपका चिकटवला. विश्व आपल्या दुकानात सुरू झालं, हे लाँड्रीवाल्या काकांनी फारशी खळखळ न करता मान्य केलं.

सर पाहणीला आले. शेवटच्या टोकाशी चष्मा पुसून वाकले.

“मॅडम, आपली शाळा कुठंय यात?”

“दिसणार नाही सर. केसाच्या जाडीचे शंभर भाग केले, तर त्यातला एकसुद्धा शाळेला ढगळ होईल.”

“पन्नास वर्षं राबलो आम्ही, आणि केसाचा शंभरावा भाग?” सरांचा आवाज चढला. “संस्थापकांचा फोटो आहे, ढाली आहेत, माझ्या काळातले निकाल आहेत. दोन मीटर तरी द्या. इथले हे सरडे हलवा.”

“ते डायनोसॉर आहेत सर.”

“मेलेत ना? मग जागा कशाला अडवून बसलेत?” जाता जाता ते थांबले. “तुमच्या कागदावर सही करायचीय मला. समारंभ तेवढा नीट पार पडू दे.”

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“सही होईपर्यंत पृथ्वीचं वय तू नको ठरवूस,” ती म्हणाली. “तिला काय फरक पडतो? तुला पडतो.”

बाईंना लाज वाटली. पण भीती तिच्याहून मोठी होती. सातव्या वर्षी पुन्हा सुट्टी लागणार आणि पुन्हा नोकरी संपणार, या विचाराने त्यांची झोप उडाली. पडल्या पडल्या त्यांनी हिशेब मांडला: पहिल्या दोन मीटरांच्या काळातला एकही खडक पृथ्वीवर उरलेला नाही. म्हणजे तक्रार करायला साक्षीदार नाही.

“सर, शाळा अगदी सुरुवातीला घेऊ,” दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. “पाहुणे आत शिरले की पहिली आपलीच.”

“आता कसं बोललात!” सर खूश झाले.

संस्थापक लाल लाव्हावर विराजमान झाले. ढाली आल्या, निकाल आले. मध्ये चंद्र येत होता, तो बाईंनी स्वतःच्या हाताने खरवडला आणि मीटरभर पुढे सरकवला. चंद्राला दहा कोटी वर्षं उशीर झाला. पाहुणे आले, दोन मीटर पाहून धन्य झाले आणि चहाला गेले. संध्याकाळी कागदावर सही झाली. आईने तो कागद तीनदा वाचला.

मग वार्षिक परीक्षा आली. ‘पृथ्वीच्या जन्मानंतर काय काय घडले?’ या प्रश्नाची चाळीस उत्तरं बाईंनी लाल पेन घेऊन तपासायला घेतली. पहिल्या पेपरात लिहिलं होतं: ‘आधी शाळा झाली. मग चंद्र झाला.’ दुसऱ्यातही तेच. तिसऱ्याने संस्थापक लाव्हात उभे राहून शिकवत असत, अशी भर घातली होती. एकोणचाळीस मुलांनी भिंत मन लावून वाचली होती. बाईंचं पेन एकाही उत्तरावर टेकेना. कापणार कुणाचा मार्क?

चाळिसावा पेपर शेवटच्या बाकावरच्या मुलीचा होता. तिने चंद्र जागच्या जागी लिहिला होता आणि खाली आणखी चार ओळी:

‘बाई, भिंतीवर शाळा चारशे साठ कोटी वर्षांपूर्वीची आहे. पण लाँड्रीवाले काका म्हणाले, पाया खणताना ते बघायला उभे होते आणि तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. म्हणून एकतर काका फार म्हातारे आहेत, नाहीतर भिंत चुकली आहे. भिंतीचा अर्धा मार्क कापा.’

बाई खूप हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि तिला पैकीच्या पैकी देऊन त्या उठल्या.

व्हरांड्यात कुणी नव्हतं. संस्थापकांच्या फोटोखाली, लाल लाव्हावर दिसावं म्हणून त्यांनी जाड काळा खडू घेतला आणि ठसठशीत लिहिलं: उणे अर्धा. मग क्षणभर थांबल्या. सरांच्या खोलीचं दार व्हरांड्याच्या त्या टोकाला उघडंच होतं.

बाईंनी शेजारी सही केली.