मालनची ओवाळणी

मालनचं ते पत्र राखीच्या पाकिटातच आलं होतं. दसरा आला तरी मी उत्तर दिलं नव्हतं.

मालन माझी धाकटी बहीण, सोनईला असते. फोनवर मला बोलणं सुचत नाही हे तिला ठाऊक, म्हणून ती लिहिते. तिच्या मुलाला, कानिफला, उन्हाळ्यात हार्ट अटॅक आला. वय बेचाळीस, ना तंबाखू ना शुगर, शेवग्याच्या शेंगेसारखा किडकिडीत. थोडक्यात वाचला. रक्तात लायपोप्रोटीन-ए नावाची चरबी फार निघाली. ती जन्मतःच आईबापाकडून येते, म्हणून डॉक्टरांनी मालनचंही रक्त तपासलं. तिचीही वाढलेली.

"दादा," तिनं लिहिलं होतं, "यंदा साडी धाडू नको. तुझं रक्त तपास. रिपोर्ट हीच माझी ओवाळणी. आधी अण्णांना मी घालवलं, आता लेकाला दुखणं दिलं. तुझं तरी नीट असू दे."

अण्णा म्हणजे आमचे वडील. मालननं ठरलेली सोयरीक मोडली आणि आठवड्याच्या आत अण्णा बांधावर बसल्या बसल्या गेले. पोरीनं बापाचा जीव घेतला, असं गाव बोललं. ती ते अजून विसरलेली नाही.

मी शेवगावच्या वाचनालयात नोकरी केलेला माणूस. त्या चरबीविषयी मिळेल ते वाचून काढलं. पथ्यानं ती फारशी हलत नाही, रक्तवाहिनीत आतून थर धरते, जन्मात एकदा तपासली तरी बहुधा पुरते. सगळं कळलं, फक्त लॅबची पायरी चढवेना.

शेवटी दसरा उलटल्यावर गेलो. रक्त घेणारी अल्मास म्हणाली, "बाबा, तोंड का फिरवलं? मी काय इतकी वाईट दिसते?"

"नाही, नाही. भिंतीवरचा तक्ता वाचतोय."

"चष्मा तर खिशात हाय तुमच्या!"

मला हसू आलं, तेवढ्यात सुई जाऊनही आली.

बाहेर बाकावर कापूस दाबून बसलो आणि मनात भलतंच आलं. माझं रक्त चांगलं निघालं, तर मालन सुखावेल. पण अण्णांच्या मरणाचा दोष डोक्यावर घेऊन एकटीच राहील. माझंही वाढलेलं निघालं, तर हे अण्णांकडूनच आलं, त्यांना ह्यानंच नेलं, असं तिला सांगता येईल. घाबरत आलेला मी, रिपोर्ट वाईट यावा असं चक्क मागू लागलो.

तिसापर्यंत चालतं, तिथं माझं एकशे बारा आलं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, माझ्या मुलीलाही तपासायला सांगितलं. मी चाचरत विचारलं, "हे वडिलांकडून आलं असेल का?"

"आई?"

"नव्वदी ओलांडून गेली. छातीची तक्रार कधीच नव्हती."

"मग वडिलांकडून असण्याचीच शक्यता जास्त. खात्री मात्र आता कोण देणार?"

घरी येऊन लिहायला बसलो. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं:

'चि. मालन, ओवाळणी सोबत आहे. तुझी इच्छा पुरी झाली नाही, माझंही वाढलेलंच आहे. गोळी घेतो, काळजी नको. अण्णांच्या रक्तातही हेच होतं. डॉक्टर खात्री देत नाहीत. मी कशाची खात्री दिलेली तुला आठवणार नाही, पण ही देतो. अण्णांना तू घालवलं नाहीस. कानिफला सांग, मामाही त्याच्याच पंगतीला बसलाय. भाऊबीजेला येतो. तळलेलं काही करू नकोस, आणि रडू तर मुळीच नकोस.'

पोस्टाच्या पेटीपाशी वाटलं, 'खात्री' हा शब्द फार झाला का? पाकीट उघडावं का? पण डिंक वाळला होता. मी ते आत सोडलं.