दाराखालचा आवाज

दादाचा आवाज दादाच्या आधी यायचा. समोरच्या गच्चीवरच्या टाक्यांनाही ऊन शिवलेलं नसे, आणि नाशिकातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, आभाळाला खोकला व्हावा तशी एक घर्घर उमटे. खिडक्यांच्या काचा शहारत, तारेवरची कबुतरं फडफडून जागा बदलत. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा मी दाढीचा फेस गालावर घेऊन गॅलरीत धावलो आणि, खालच्या मजल्यावरचा मोटारसायकलवाला पोरगा समजून, "अरे ए रेड्या, गल्ली काय बापाची आहे?" असा छातीच्या दमाने गरजलो. खाली कांद्याच्या गोण्यांनी ओथंबलेली जुनी पिकअप उभी होती आणि तिच्या खिडकीतून माझा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, थोरला भाऊ दादा, वर बघून प्रसन्न हसत होता. "बराय दाजी, बराय," तो म्हणाला. एवढी शिवी इतक्या सौजन्याने पचवणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी त्याला मनोमन संतपदी बसवलं.

चांदवडच्या डोंगराची सावली दुपार कलल्यावर ज्या शेतांवर सावकाश पसरते, त्या शेतांतला तो माणूस; आणि त्या सावलीसारखाच, घाई ठाऊक नसलेला. त्याच्या देहात ऋतू मुक्कामाला असत: कातडीत चैत्राचा ताम्रवर्ण, मिशीत पौषाचं धुकं, नखांच्या कडांना कांद्याची कधीही न धुतली जाणारी जांभळट रेघ. बोलताना त्याचा उजवा तळहात हवेत असा सपाट फिरे, जणू वाफ्यातलं पाणी वळवावं तसे तो शब्द वळवतो आहे. आणि ऐकताना? ऐकताना तो मान किंचित कलती करून बोलणाऱ्याच्या ओठांवर दृष्टी अशी लावी, की वक्त्याला आपण उपनिषद सांगत असल्याचा भास व्हावा. माझ्या त्याच त्या गोष्टी, ज्या सुरू होताच घरातली माणसं चप्पल शोधू लागतात, त्या तो अखंड तन्मयतेने ऐके; नको तिथे हसे; आणि मी समजे, माझ्या विनोदाचा तळ या एकट्यालाच गवसला आहे.

ती घर्घर जन्मजात नव्हती. पिकअप जुनी होती, पण सोशिक बैलासारखी मुकाट चालत आलेली. मग कधीतरी दादाने ती नाशिकच्या द्वारका चौकापलीकडच्या एका वेल्डरकडे नेली, सायलेन्सरचा डबा कापून फेकायला लावला आणि सरळ नळी बसवून घेतली. तरणी पोरं असं करतात ते जगाला कळावं म्हणून. त्यांच्या नळ्यांची तोंडं मागे, लोकांच्या कानांकडे असतात. दादाने मात्र नळी मध्येच वळवून तिचं तोंड ड्रायव्हरच्या दाराखाली काढलं होतं. ते काळं, जळकं तोंड सगळ्या भावकीने पाहिलं, त्यावर पोटभर हसून घेतलं. ते नेमकं कोणाच्या कानाखाली आहे, एवढं मात्र पाहायचं राहून गेलं.

"दादा, गाडी बाळंत व्हायला आली का काय? लय कण्हती," दादाचा धाकटा भाऊ सोमनाथ पारावर म्हणायचा.

"म्हातारपणी मिशा फुटल्या तिला," कोणी चुलता जोड द्यायचा.

"नाय रे, वहिनी घरात बोलू देत नाय, तो राग नळीतून काढतोय."

दादा तिघांकडे आळीपाळीने बघून सारखाच हसायचा.

या दसऱ्याला आम्ही गावी गेलो. आश्विनातलं ऊन म्हणजे नुकतंच घासलेलं पितळ. अंगणात झेंडूच्या राशी, कापलेल्या बाजरीचा उष्ण, गोडसर वास, आणि धुऊन ओळीने उभी केलेली वाहनं. सोमनाथने सणाच्या आधी दादाची पिकअप नाशिकला नेऊन भेट म्हणून दुरुस्त करून आणली होती: नवा सायलेन्सर, इंजिनाखाली नवे रबरी गुटके. आता ती ओरडत नाही की थरथरत नाही, हे त्याने आल्यागेल्याला सांगितलं. दादाला फक्त हार घातलेली गाडी दाखवली. ताप उतरलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा दादाने बॉनेटवरून हात फिरवला. खाली वाकून पाहायचं त्याच्या मनातही आलं नाही.

आमच्याकडे वाहनाची पूजा झाली की पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवतात आणि मालकाने स्वतः गाडी काढून ती चिरडायची असतात. मग वर्षभर चाकाला दृष्ट नाही. वहिनीने ओवाळलं. दादा टोपी सारखी करून सीटवर बसला. पाहुण्यांनी भरलेलं अंगण भोवती गोळा झालं. त्याने किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली. उन्हात मांजर घोरावं इतक्या हळू, पण चालू झाली. मला थेट गोठ्यापाशी ऐकू आलं. दादा मात्र वाट बघत होता. डॅशबोर्डावरचे दिवे केव्हाच गेलेले. पायाखालून तो आवाज वर येईल म्हणून मान कलती करून तो थांबला, अगदी माझ्या गोष्टींपुढे थांबे तसा, आणि मग त्याने पुन्हा किल्ली फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टर मारला की लोखंडाचे दात लोखंडावर घासून जी किंकाळी निघते, ती अंगण फाडत गेली. कोंबड्या उधळल्या. वहिनीच्या हातातलं तबक हललं. दादाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्याने पुन्हा फिरवली. पुन्हा किंकाळी. पुन्हा.

हसू आधी बायकांत फुटलं, मग पुरुषांत पसरलं.

"दादा, चालू गाडी किती वेळा चालू करशील?"

"चाबी मोडल, दादा."

सोमनाथ हसत नव्हता. "बघितलं ना सगळ्यांनी?" तो शांतपणे म्हणाला. "याला काय बी ऐकू येत नाय. उद्या म्हणू नका, सोमानं भावाची गाडी हिसकली."

दादाला हेही ऐकू आलं नाही. त्याला चेहरे दिसले. काचेपलीकडे आपलीच माणसं, आपल्याच सणाच्या उन्हात, तोंडं उघडून उभी. अनोळखी लिपीतला फलक वाचत जावं तशी त्याची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत आली आणि कुठेतरी तिला अर्थ लागला. त्याने गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला. तिथला क्षीण थरार त्याला तेव्हा सापडला असावा. किल्ली उलटी फिरवून त्याने ती काढली, सदऱ्याला पुसली आणि उतरून वहिनीच्या तबकात, हळदीकुंकवाशेजारी ठेवली.

"सोमा, तूच काढ. माझा गुडघा धरलाय."

"गुडघ्यानं ऐकत होता का दादा?" मागून कोणीतरी म्हणालं.

"बराय, बराय," दादा त्या दिशेला हसून म्हणाला. गॅलरीतल्या माझ्या शिवीला लाभलेली क्षमा कोणत्या जातीची होती, ते मला तेव्हा कळलं; माझ्या विनोदाच्या तळाचाही ठाव लागला.

सोमनाथने गाडी काढली. लिंबं मुकाट फुटली.

संध्याकाळी तीच माणसं रांगेने येऊन दादाच्या हातात आपट्याची पानं ठेवत होती, पाया पडत होती. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. सोमनाथही वाकला. दादा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होता. कोणाच्या ओठांकडे मात्र आता बघत नव्हता.

परतताना हायवेवर मी म्हणालो, "सोमाने बरं नाही केलं."

सुनंदा बाहेरच्या अंधारत चाललेल्या रानाकडे बघत होती. "मीच सांगितलं त्याला," ती म्हणाली. "वैशाखात दादाबरोबर येताना मागचा ट्रक हॉर्न बडवत होता, आणि दादा रस्त्याच्या मधोमध मला आईच्या गोष्टी सांगत होता. गाडी काढून घे, एवढंच म्हटलं होतं मी सोमाला. असं चारचौघांत नव्हतं सांगितलं."

मी खिडकीची काच वर घेतली.

"आता दादा खूप जगेल बघा," ती म्हणाली. "फक्त आपल्या दारात यायचा नाही."